नववी ओळ

३ मार्च २०२५, सोमवार
पहाटेच्या गाडीने नेवाशाहून संगमनेरला आले. खिडकीची जागा मिळाली, तोडणी झालेली उसाची रानं बघत आले. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. खोली स्टँडपासून दहा मिनिटांवर आहे, पाणी दोन्ही वेळ येतं. निघताना मनवाने, धाकट्या बहिणीने, ही वही दिली. मी कुणाशी बोलत नाही, निदान लिही म्हणाली.

ऑफिस दूध डेअरीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्याला. दहा वाजून पाच मिनिटांनी सुश्रुतदादाच्या खुर्चीत बसले. तो जाऊन महिना होत आला. कंपनीच्या केदार सरांनी स्वतः आईला फोन करून सांगितलं होतं, की जागा रिकामी आहे आणि यामिनीही तेच शिकली आहे.

काम असं आहे. डीबगर चालू प्रोग्रामला मधेच धरून थांबवतो, आत काय आहे ते दाखवतो आणि परत सोडून देतो. तो हे नीट करतो की नाही, हे चाचण्या आपोआप तपासतात. प्रत्येक चाचणी ‘नमुना’ नावाचा छोटा प्रोग्राम सुरू करते, डीबगर त्याला याच मशीनवर, म्हणजे दादाच्या कॉम्प्युटरवर, शोधून धरतो, वाचतो, सोडतो. एकूण चारशे बारा चाचण्या, सगळ्या दादाने लिहिलेल्या. त्याचं अक्षर बघावं तसं मी त्या वाचल्या.

४ मार्च
चारशे अकरा पास. एक नापास, सोडण्याची. डीबगर धरतो, पण सुटका होत नाही. केदार सर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुमच्या घरात सोडायचं कुणालाच जमत नाही का?” शेजारच्या टेबलांवरचे दोघं हसले. मी चाचणी परत चालवली.

झाडलोट करणाऱ्या छबूबाई सगळी टेबलं पुसतात, माझं सोडून. विचारलं तर ऐकू आलं नाही असं दाखवलं.

५ मार्च
कारण सापडलं. मशीनवर एकाच वेळी दोन ‘नमुना’ चालू आहेत. एक चाचणीने सुरू केलेला. सोडण्याच्या चाचणीत डीबगर दुसऱ्यालाच धरतो, आणि तो कुणी सुरू केला ते कळत नाही. सुरू झाल्याची वेळ ६ फेब्रुवारी, सकाळी ११:४०.

दादा याच खुर्चीत, त्याच वेळी गेला. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं.

मी मशीन दोनदा बंद करून चालू केलं. तो आहेच. वेळही तीच.

६ मार्च
दुसऱ्याला धरून थांबवलं आणि आत पाहिलं. नऊ ओळी. पहिली, ‘आईला आम्ही सांभाळू.’ दुसरी, ‘मनवाचं शिक्षण पुरं करू.’ तिसरी त्याच्या झाडांबद्दल. आठही ओळी मला पाठ आहेत. दहाव्याच्या दिवशी प्रवरेच्या घाटावर पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा नृसिंहमामा आणि बाकीचे एकेक करून बोलले ते हेच शब्द, याच क्रमाने. तरी कावळा आला नाही. दीड तासाने गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ऊन फार झालं होतं.

नववी ओळ रिकामी आहे.

ती माझी. जाण्याच्या आदल्या दिवशी दादाचा फोन आला होता. म्हणाला होता, “यामिनी, माझ्या जागेवर थोडं बसशील का? मला सुटू दे.” मी शनिवारी येते म्हणाले. मला ते ऑफिसचं बोलणं वाटलं. घाटावर ऑफिसचं काय बोलायचं, म्हणून गप्प राहिले.

७ मार्च
केदार सरांना दुसरा ‘नमुना’ दाखवला. त्यांनी पाहिलंही नाही. पुण्याच्या ग्राहकाला सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसलं पाहिजे, डमी लाव म्हणाले. डमी म्हणजे डीबगरने धरायचंही नाही आणि सोडायचंही नाही, त्याच्या जागी आपण लिहिलेल्या चार ओळींनी ‘सोडलं’ म्हणायचं. दुपारी लावली. चारशे बारा पास.

आपण दुसऱ्यांदा दर्भाचा कावळा केला, हे संध्याकाळी लक्षात आलं.

१० मार्च
चहा समोर आला. उचलला तर गार, वर साय. घड्याळात पाऊण तास गेलेला. मला एक क्षणही गेल्यासारखा वाटला नाही.

छबूबाई आज जवळ आल्या. हळू बोलल्या. “ताई, तुमी मगाधरनं तशाच बसल्या हाय. डोळं उघडं, पापनी हलत न्हाई. दादाबी शेवटी शेवटी असंच बसायचे. सायबास्नी सांगितलं हुतं मी.”

सर काय म्हणाले विचारलं. “म्हनले, काम करतोय त्यो, तू पुसून घे.”

११ मार्च
सकाळी डमी काढली. पण उशीर झाला होता. मशीनवर चालू असलेल्यांच्या यादीत तिसरं नाव आहे. यामिनी. सुरू झाल्याची वेळ ३ मार्च, १०:०५.

दुपारी कुणाला न सांगता निघाले. स्टँडवर नेवाशाच्या गाडीत बसले, कंडक्टरने तिकीट दिलं, गाडी हलली —

खुर्चीत आहे. तिकीट हातात आहे. चारशे बारा चाचण्या चालू आहेत. प्रत्येक वेळी कुणीतरी धरतं — मग सोडतं — मग

दरवेळी सोडायला जास्त वेळ

१२ मार्च
इथे येऊन दहावा दिवस.

डबा उघडा आहे. कधी उघडला आठवत नाही. भात, वरण. पडद्यावर नववी ओळ, रिकामी. बोलले तर दादा सुटेल. नाही बोलले तर दोघंही —

केदार सर फोनवर. पलीकडे आईचा आवाज. मनवाचं शेवटचं वर्ष कधी संपतं ते विचारतायत. जागा आहे म्हणतायत.

बोलले. मोठ्याने. “दादा, मी बसते तुझ्या जागेवर. तू सूट.” सगळ्यांनी ऐकलं. कुणी मान वर केली नाही.

ओळ भरली. दुसरा ‘नमुना’ यादीतून गेला. दादा गेला.

खिडकीत कावळा — घाटावर आला नव्हता तो — आत आला. टेबलावर. माझ्याकडे बघत नाही. भाताकडे

छबूबाई, ही वही मनवाला द्या. तिला सांगा केदार सरांचा फोन आला तर

त्याने भाताला चोच लाव—