सात नंबरची प्लेट गाडीवरच राहील

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवणे (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असतं तरी मी ते मानलं नसतं, हे घरच्यांना ठाऊक आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मरायला सवड नव्हती.

कलम एक. राहतं घर आणि बँकेत जे शिल्लक निघेल ते माझ्या मुलीला. मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते, हे तिने लक्षात ठेवावं.

कलम दोन. माझे ब्रश आणि आकड्यांचे पत्र्याचे साचे माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. माझ्या मुलीने वाईट वाटून घेऊ नये. तिने काढलेला सात वाकलेल्या खिळ्यासारखा दिसतो. भाचीचा हात माझ्या बाबांवर गेला आहे.

कलम तीन. बाबांची जुनी गाडी, नंबर नुसता सात, दोन्ही प्लेटांसकट मुलीला. बाकीची कलमं मी या कलमासाठी लिहिली आहेत, म्हणून हे सविस्तर.

कायदा असा आहे. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी असेल तर तिला जुना नंबर आणि जुनी प्लेट ठेवता येते. मात्र प्लेट मूळचीच लागते. आठ वर्षांपूर्वी मी तसा अर्ज केला. त्याच आठवड्यात धाकट्यानेही अर्ज केला, की गाडी भंगार आहे, सात नंबर मोकळा करून माझ्या नव्या गाडीला द्यावा. पाठच्या भावाने पाठीत वार करावा, याचं मला फार लागलं. सुनावणी होईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही.

सुनावणीला प्लेट काढून नेली. नोंदणी कार्यालयातल्या साहेबांनी तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, ही तर काल रंगवलेली आहे. कालच रंगवली होती. दरवर्षी नोंदणीच्या तारखेला बाबा तिला आधी राखाडी अस्तर आणि त्यावर काळा हात देत, मग पांढरा सात काढत. बाबांनंतर ते मी केलं. नंबरप्लेट रंगवणाऱ्याची स्वतःची प्लेट मळकी असणं म्हणजे न्हाव्याची दाढी वाढलेली असणं. शिवाय साहेबांपुढे न्यायची, म्हणून त्या वर्षीचा हात नोंदणीच्या तारखेच्या आठवडाभर आधीच देऊन टाकला. अशी मी माझ्याच हाताने माझी केस बुडवली होती.

मग मी पर्समधून पॉलिश पेपर काढला आणि साहेबांची परवानगी घेऊन प्लेटचा एक कोपरा नाण्याएवढा घासला. एकेक थर उघडा पडला. काळं, राखाडी, काळं, राखाडी, कापलेल्या कांद्यासारखं. साहेब भिंग घेऊन बसले. दोनदा मोजलं. एक्कावन्न. अर्जात मी लिहून दिलं होतं, की दरवर्षी न चुकता एक हात दिला, म्हणजे कालचा धरून बावन्न.

एक हात कमी आहे, साहेब म्हणाले. मला काही केल्या आठवेना. तेवढ्यात धाकटा उभा राहिला. आता हा जखमेवर मीठ चोळणार, असं मला वाटलं.

तो म्हणाला, "साहेब, एका वर्षी आमचे बाबा गेले. ताई ते वर्षभर ब्रशला शिवली नव्हती. हात एक्कावन्नच पाहिजेत. बावन्न निघाले असते, तर मीच म्हटलं असतं प्लेट खोटी आहे."

स्वतःचा अर्ज त्याने तिथेच फाडला. आम्ही जिंकलो. होय, मी आम्हीच लिहिणार. प्लेट परत लावून आवारात मी गाडीने तीन फेऱ्या मारल्या, हॉर्न वाजवत, धाकट्याला पुढच्या सीटवर बसवून. शिपायाने हटकलं नाही, उलट फाटक सताड उघडलं.

तेव्हा मुलीने माझ्यामागे नव्वद दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर नंबर जातो. गाडी रोजच्या कामाला काढू नये, तेही कायद्यात बसत नाही. प्लेटला यापुढे एकही हात द्यायचा नाही. घासलेला कोपरा तसाच उघडा ठेवावा.

कलम चार. नोंदणी कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीवरच्या कारकुनाला, ज्याने मला "आजी, भंगारात द्या आणि सुटा" असा सल्ला दिला, सात नंबरचा एक फोटो, चौकटीसह. खिडकीत लावावा.

कलम पाच. धाकट्याला काहीही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकीलबाई सांगतात, आणि साक्षीदार म्हणून मला दुसरा कोणी नको आहे. हे सांगितल्यावर त्याने एवढंच विचारलं, "आणि पुढची सीट?" बसणं ही मिळकत नव्हे, हे मी वकीलबाईंकडून वदवून घेतलं आहे. दरवर्षी नोंदणीच्या तारखेला मुलीने त्याला घ्यायला जावं.

ठिकाण: गॅरेज, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून.
दिनांक: गाडीच्या नोंदणीला साठ वर्षं पूर्ण झाली तो दिवस.

सही: नंबरवाली ताई

साक्षीदार पहिली: शेजारच्या औषधाच्या दुकानातली बाई.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. कलमं पाच, मी स्वतः मोजली. एकही कमी नाही.