रॅम्पचं उद्घाटन

प्रिय धाकट्या,

रविवारी, नऊ मार्चला, सकाळी ठीक अकरा वाजता तू मला व्हीलचेअरसकट उचलून वाचनालयाच्या पायऱ्या चढवल्यास. वर म्हणालास, "ताई, मी असताना तू कशाला त्रास घेतेस?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. अरे शहाण्या, शेजारी नवा रॅम्प होता ना! मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आजाराने माझ्यासारखे पाय गेलेल्यांना आपलं आपण वर जाता यावं, म्हणून निवृत्तीनंतर वर्तमानपत्रांत लेख लिहून लिहून मी तो बांधून घेतला, आणि त्याच्याच उद्घाटनाला तू मला पोत्यासारखं वर नेलंस!

आज सकाळी हात बरे चालत होते, म्हणून एकटीच गेले. मध्ये दोनदा थांबून दम घेतला, पण वर पोचले. ग्रंथपालबाईंना म्हटलं, "आता झालं उद्घाटन." त्या हसल्या, मला तर अजून हसू येतंय.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला लगेच रडू येतं. तरी कॉन्व्हेंट शाळेत लागलेली शिस्त म्हणून रीतसर विचारते: पुढच्या रविवारी, हात खिशात ठेवून, माझ्या मागून रॅम्प चढशील का? लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं.

तुझी,
स्वतः वर गेलेली ताई