कोळशाचा बंब

माय,

तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं. बहुतेक वेळा एकच येतं. "दार लाव, वारं लागल."

निजामाच्या राज्यातला तो शेवटचा हिवाळा. मी पहिल्या बाळंतपणाला चुडाव्याला तुझ्याकडे आलेली. रझाकारांच्या धास्तीनं गावात दिवसाही दारं लावलेली असत, आणि बाळंतिणीच्या खोलीचा तर झरोकाही तू चिंध्या कोंबून बंद केला होतास. मला अंघोळीला उघड्यावर जावं लागू नये म्हणून अंगणातला तांब्याचा बंब तू आत आणलास, खोलीतल्या मोरीपाशी. धूर बाहेर जावा म्हणून त्याला पत्र्याची नळी जोडली आणि ती भिंतीतल्या भोकातून काढली. नळी जुनी होती, वाकणाशी गंजून फाटलेली. तिथं तू ओलं फडकं गुंडाळलंस, वरून माती लिंपलीस. तरी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवल्या की खोलीत धूर यायचा, माझ्या तान्ह्या पोरीच्या डोळ्यांना झोंबायचा. मग तू पऱ्हाट्या बंद केल्यास आणि लोहाराकडून कोळसे आणवलेस. कोळशाला धूर नव्हता. "बघ, कसा गुमान जळायलाय," तू म्हणालीस. त्या दिवशी तू फार खूश होतीस.

त्या दिवसांतलं मला सलग आठवत नाही. डोकं जड असायचं. मी म्हणते, "माय, डोकं लय दुखायलंय." तू म्हणतेस, "दुखणारच. ओली बाळंतीण हाईस." पोर दूध ओढत नाही, नुसती झोपते. "गुणाची हाय," तू म्हणतेस, "रडतच न्हाई."

एका दुपारी काकी आली. तुझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडे राहणारी, मूलबाळ नसलेली. उंबऱ्यातच थांबली आणि तिनं पदर नाकाला लावला.

"अक्का, जीव कोंडायलाय हितं. नळी फाटलीय तुमची. बंब भाईर न्या, न्हाईतर झरोका तरी उघडा."

"तुझी किती बाळंतपणं झाली गं, मला शिकवायलीस ती?"

काकी हसली. तुझं बोलणं ती तसंच सोडून द्यायची. "एकबी न्हाई, अक्का. पर नाक हाय की मला." तिनं चिंध्या उपसल्या, झरोका उघडला आणि पोरीला मांडीवर घेतलं. "गाल बघा हिचे, कसे लालबुंद हायत," ती म्हणाली.

ती गेल्यावर तू झरोका पुन्हा बुजवलास. संध्याकाळी पोरीचं अंग सैल पडलं. वांझेची नजर लागली, तू म्हणालीस. झरोक्यातून वारं घातलं तिनं, आणि वर गालांचं कौतुक केलं. तू मीठ-मिरच्या ओवाळल्यास. त्या टाकायला बंबातले निखारे घमेल्यात काढलेस आणि घमेलं खाटेजवळ ठेवलंस. ठसका उठला नाही, म्हणजे नजरच, असं म्हणालीस. मला कसलाच वास येत नव्हता. सकाळी मला उलट्या झाल्या म्हणून ओसरीवर आणलं, आणि तिथं मी सुधारले. पोर आत गार पडली होती. बारसं व्हायचं होतं. तिला नाव नव्हतं.

त्यानंतर काकीला तू कुठल्याही कार्याला बोलावलं नाहीस. पुढं माझी मुलं अंगणात खेळत असली आणि ती दारात आली, की तू त्यांना पदराखाली घ्यायचीस. काकी बघायची आणि आत जायची. शेवटी ती पोखर्णीला भावाकडे राहायला गेली आणि तिथंच वारली.

आता मी परभणीत लेकाकडे असते. न्हाणीघरात गॅसचा बंब होता, तोही जुना झालेला. गेल्या थंडीत दार-खिडकी लावून अंघोळ करत होते, तेव्हा डोकं जड झालं आणि पाय गेले. सुनेनं दार उघडून मला ओढून काढलं. डॉक्टर म्हणाले, धुराड्यात काजळी साचली की विषारी वायू खोलीतच राहतो. त्याला ना वास ना रंग. कोळशाचंही तेच, बंद खोलीत निखारा ठेवला की माणूस झोपल्या झोपल्या जातं. कधी चेहरा लाल दिसतो, लोकांना वाटतं तब्येत छान आहे. मग त्यांनी विचारलं, "आजी, पूर्वी कधी असं झालं होतं?" मी नाही म्हणाले. लेकानं दुसऱ्या दिवशी बंब गच्चीवर हलवला. सून म्हणाली, बरं झालं वेळेवर कळलं.

तेव्हापासून मी रडले नाही. रडायला येईल असं वाटलं होतं. काकीची नजर नव्हती, एवढं एक वाक्य लिहायला मी हा कागद घेतला. पण ते लिहिलं की पुढचंही लिहावं लागतं, कोळसे कुणी आणवले, झरोका कुणी बुजवला. ते तू माझ्यासाठीच केलंस. काकीला न्याय द्यायचा तर दोष द्यायला तुझ्याशिवाय दुसरं कुणी सापडत नाही. म्हणून दोन्ही लिहिलं.

तुला पाठवायला पत्ता नाही, ते बरंच आहे. पत्ता असता तर मी यातलं काही लिहिलं नसतं. आम्ही सगळे खुशाल आहोत, थंडी फार आहे, जपून राहा, एवढंच लिहून पाकीट बंद केलं असतं.