पंपाचा कान आणि झोपाळा यांची निरवानिरव

मी, सेतुराम राव, वडिलांचे नाव अनंतकृष्ण राव, वय त्र्याहत्तर, धंदा आधी मोटार वाइंडिंग आणि मग उद्योजक (हा शब्द बँकेने घातला), राहणार महामहम तलावाच्या पश्चिमेस, कुंभकोणम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणणारे घरात पुष्कळ होते, पण त्यांचे आपसात जमले नाही.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. शिवरंजनी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्याच दाखल्यात खाली त्यांनी लिहिले आहे की या वयात इतके तिखट कान त्यांनी पाहिलेले नाहीत. घरी दाखला वाचून दाखवताना मी तेवढी ओळ गाळली. म्हातारा झाला म्हणजे बहिरा झाला, असे घरच्यांनी आपापल्या मनाने ठरवून टाकले होते, आणि मला त्यांचा विरस करवला नाही. पुढची बरीच कलमे त्या गैरसमजातून आली आहेत.

वकिलांनी तमिळमध्ये किंवा इंग्रजीत लिहा म्हणून सुचवले. तमिळमध्ये मी धंदा केला, इंग्रजीत कर भरला. मरायचे घरच्या भाषेत, असे ठरवले आहे. मात्र आमच्या घरातली जुनी मराठी कागदावर बसत नाही, म्हणून लिहिताना पुण्याच्या वळणाने लिहितो. वकिलांनी तमिळ भाषांतर जोडावे आणि त्याचे वेगळे बिल लावू नये.

कलम १. राहते घर माझी पत्नी कामाक्षी हिच्या हयातीत तिचे. तिच्यामागे मुलगा हरिकृष्ण आणि मुलगी लावण्या यांचे, समसमान. बँकेतल्या ठेवी कामाक्षीच्या. किती आहेत ते हरिकृष्णाला ठाऊक आहे. तो चेन्नईत हिशेब तपासनीस आहे आणि दर दिवाळीला जेवणाआधी पासबुक बघतो.

मधल्या खोलीतला सागवानी झोपाळा मात्र घरात धरू नये. तो स्वतंत्रपणे कामाक्षीला देत आहे. त्याच्यावर बसले की स्वयंपाकघर, मागचे अंगण आणि गच्चीचा जिना, तिन्हीकडचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. कड्यांना तेल घालत राहावे. झोपाळा कुरकुरला की ऐकताना अडचण होते.

कलम २. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते असे आमच्यात सांगतात. कोणत्या हुद्द्यावर, ते कुणी सांगत नाही, त्यावरून अंदाज येतो. वडिलांकडून मला एक उपरणे आणि पुष्कळ अभिमान मिळाला. दोन्ही विरले. तिरुविडैमरुदूरला एका वाइंडिंगच्या दुकानात झाडू मारत मी धंदा शिकलो, आणि माझ्या पहिल्या पगारातून एक लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक चालू मोटारीला टेकवायचे, मूठ कानाला लावायची. बेअरिंग घासले, गुंडाळी तापली, पंप कोरडा फिरला, सगळे आत ऐकू येते. त्यावर माझे घर उभे राहिले.

हा स्क्रू-ड्रायव्हर हरिकृष्णाला देत आहे. त्याला मोटारीतले काही कळत नाही. पण कुठलीही वस्तू विकण्याआधी निदान एकदा तिला कान लावावा, एवढी आठवण टेबलावर असलेली बरी.

कलम ३. माझा मेहुणा शंकरनारायण, कामाक्षीचा धाकटा भाऊ, गेली कित्येक वर्षे प्रत्येक लग्नात सांगत आला आहे की कादु पेटीची कल्पना त्याची. वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो. मी एकटा किती शेतांवर कान लावत हिंडणार, म्हणून कुरकुरलो, तेव्हा तो इडली खाता खाता म्हणाला, "भावोजी, तुमचा कानच कापून पाठवून द्या कीं." यालाच तो कल्पना म्हणतो. पेटी बनवली लावण्याने. तिरुचीला इंजिनिअरिंग शिकून आली आणि माझ्या कानाला जे कळते ते तिने एका हाताएवढ्या पेटीत बसवले. पेटी पंपाच्या मोटारीला लावायची. आवाज बिघडला की ती शेतकऱ्याला फोन करते. कादु म्हणजे तमिळमध्ये कान.

शंकरनारायणासाठी काय ठेवले आहे, ते शेवटी पाहावे.

कलम ४. पितळेचा एक पेला आणि त्याचा डवरा, म्हणजे कॉफी गार करायची खोलगट वाटी, पुण्याच्या कीर्ती लिमये यांना.

या वस्तूचा इतिहास असा. नव्या धंद्यांत पैसे घालणाऱ्या एका फंडाची माणसे आमची पेटी पाहायला घरी आली. त्यात ही एक बाई, शांत बसून कॉफी पिणारी. आम्ही त्यांच्याशी इंग्रजीत बोलत होतो. आता आमच्या लोकांची एक पिढीजात खोड आहे. बाजारात साडी घ्यायची असो की मुलगी बघायला पाहुणे आलेले असोत, आपसातले बोलणे पाहुण्यासमोर बसूनच मराठीत उरकायचे. कावेरीच्या काठी ते कुणाला कळणार? तीन-साडेतीनशे वर्षे ही युक्ती चालली. बाईंचे नाव नुसते कीर्ती असे सांगितले होते, आणि कीर्ती तर तमिळ घरातही असतात.

त्या वेळी पेटीत एक खोट होती. पाऊस पडला की शेतात बेडूक ओरडत, पेटीला ते बेअरिंग वाटे, आणि ती अख्ख्या गावाला फोन करत सुटे. सुंदरपेरुमाळ कोयिल गावची माणसे छत्र्या घेऊन शेतावर जात आणि बेडकांना बघून परत येत.

शंकरनारायण हसतमुखाने, जणू पाहुण्यांना बिस्किटे घ्या म्हणतोय अशा सुरात, म्हणाला, "भावोजी, ही बाई भोळी दिसते. दुप्पट सांगा. बेडकांचें मात्र काढूं नका."

मी पण हसतमुखाने म्हणालो, "तूं गप्प बैस. बेडकांचें कोण काढतो?"

तेवढ्यात कामाक्षी आतून वडे घेऊन आली आणि तिने मात्र तोंड हसरे ठेवले नाही. "काढा. आत्ताच सांगा. उद्या ती शेतावर उभी राहिली तर बेडूकच सांगतील, आणि ते तुमच्यापेक्षां मोठ्यानें सांगतील."

बाईंनी पेला डवऱ्यात ठेवला आणि आकाशवाणीवरच्या बातम्यांसारख्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बेडकांचं आधी सांगा. आणि कॉफी आणखी थोडी मिळेल का?"

शंकरनारायण उठून मागच्या दाराने गेला, तो पाहुणे जाईपर्यंत विहिरीजवळ उभा होता. मी तिथेच बसलो, कारण माझे घर होते. बाई कामाक्षीला म्हणाल्या, "तुमच्याकडे बखर बोलते आणि वर वडेही वाढते. फारच छान." पैसे त्यांनी दिले. का दिले, तेही सांगितले: "ज्या घरात बायको माझ्यासमोर नवऱ्याला खरं बोल म्हणून दटावते, तिथे पैसे बुडालेच, तर का बुडाले ते मला कळेल तरी."

पैसे बुडाले नाहीत. लावण्या पावसात शेतात उभी राहून बेडकांचा एकेक सूर टिपत राहिली, आणि आता पेटीला बहुतेक बेडूक ओळखू येतात. तिरुवलंचुळीकडचा एक प्रकार अजून फसवतो.

कलम ५. पेटीच्या फोनवरचा आवाज. आधी आम्ही एका गोड गळ्याच्या मुलीचा आवाज घातला होता. "कृपया आपला पंप तपासावा." शेतकरी ऐकत आणि कुशीवर वळत. मग एकदा चाचणी म्हणून कामाक्षीकडून बोलून घेतले. ती कागद न बघता तमिळमध्ये म्हणाली, "पंप कोरडा फिरतोय! लोळत काय पडलास? ऊठ, बंद कर!" तेव्हापासून जिल्हाभर पंप वेळेवर बंद होतात. सुंदरपेरुमाळ कोयिलचे कृष्णमूर्ति, ज्यांच्या जुनाट पंपावर आमची पहिली पेटी बसली, ते मला म्हणाले, "अम्मा रागावल्या की मी ताटावरून उठतो. स्वतःच्या बायकोसाठी कधी उठलो नाही." हा आवाज कामाक्षीची खाजगी मालमत्ता आहे. कंपनी कुणाकडेही गेली तरी तिच्या परवानगीशिवाय तो बदलू नये.

कलम ६. पेटी चालल्यावर मीही दुसऱ्यांच्या धंद्यात थोडे थोडे पैसे घालू लागलो. अशा माणसाला एंजल म्हणतात, असे मी मोठ्या ऐटीत घरी सांगितले. कामाक्षी म्हणाली, "देवदूत झालांत तर उडत जाऊन कढीलिंब घेऊन या." तिरुविडैमरुदूरला सूर्या नावाच्या मुलीने उन्हाची ऊब साठवून चालणारे वाळवणयंत्र केले आहे. पाऊस असो, ढग असो, तिथल्या बायकांच्या ताकातल्या मिरच्या वाळतात आणि थेट दुबईला जातात. त्यातला माझा हिस्सा मिरच्या वाळवणाऱ्या बायकांना, सर्वांना सारखा. ज्या इतर तीन ठिकाणी मी पैसे घातले ते तिन्ही धंदे बसले. त्या मुलांनी माझ्या तेराव्याला यावे, जेवावे, आणि नवीन कल्पना माझ्या फोटोसमोर मांडू नये.

कलम ७. कादु कंपनीतला माझा हिस्सा. सर्वांची मान इथे पुढे येईल, हे मला माहीत आहे.

कीर्तीबाईंच्या फंडाची मुदत संपत आली असून त्यांना हिस्सा विकणे भाग आहे. पंप बनवणारी एक मोठी कंपनी सगळेच विकत घ्यायला तयार आहे. किंमत चांगली देते. अट एकच, यापुढे पेटी फक्त त्यांच्याच पंपावर चालेल. म्हणजे कृष्णमूर्तींचा पंप, जो लावण्यापेक्षा वयाने मोठा आहे, बहिरा होणार. बाईंनी निर्णय आमच्यावर सोडला आहे. "तुम्ही थांबलात तर मी दुसरा घेणारा शोधीन, पण चालवणार कोण ते सांगा," म्हणाल्या. माझा हिस्सा ज्याच्याकडे, त्याचा शब्द चालणार.

गेल्या आठवड्यात हरिकृष्ण आला होता. भाऊबहीण गच्चीच्या जिन्यावर बसून इंग्रजीत बोलत होते. आम्ही मराठीत लपायचो, ही मुले इंग्रजीत लपतात, बहिऱ्या बापापासूनसुद्धा. माझे इंग्रजी मोटारींच्या माहितीपुस्तकांवर वाढलेले असले तरी पोटापुरते आहे.

हरिकृष्ण म्हणत होता, "विकून टाकू. अप्पा काही कायमचे नाहीत."

लावण्या म्हणाली, "अण्णा, अप्पा माझ्या नावावर करणारच नाहीत. आणि केलंच, तर शेवटच्या श्वासापर्यंत झोपाळ्यावरून हुकूम सोडतील. म्युनिकच्या नोकरीला पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मी हो म्हणणार आहे."

झोपाळा थांबला. मी लगेच पुन्हा झोका घेतला, नाहीतर त्यांना कळले असते.

त्या रात्री मी हे कलम असे लिहिले: "कादु कंपनीतला माझा संपूर्ण हिस्सा माझ्या पश्चात लावण्याला मिळावा. कुठल्याही कंपनीच्या, कितीही जुन्या पंपावर पेटी चालली पाहिजे." अक्षर चांगले आले होते. सकाळी कामाक्षीला अभिमानाने वाचून दाखवले. ती कॉफी गाळत होती.

"माझ्या पश्चात म्हणजे?" तिने विचारले.

"म्हणजे मी गेल्यावर."

"मग तिनें काय करायचें? तुम्ही मरायची वाट बघत बसायचें? तुमच्या घराण्यांत कोण वेळेवर मेलें आहे? तुमची आत्या अजून आंबे मागते."

वकिलांना फोन केला. तेही म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच बोलते. एवढी एक गोष्ट माझे कान असून मला ऐकू आली नव्हती.

सबब कलम ७ मी आडवी रेघ मारून रद्द करत आहे. जे आज सकाळी देऊन झाले ते मृत्यूनंतर देता येत नाही. हिस्सा लावण्याच्या नावे करण्याचे कागद वकिलांनी आठवडाभरात तयार केले, आणि आज मी त्यांवर सही केली. पुढचे सोपस्कार हरिकृष्ण करील, आणि स्क्रू-ड्रायव्हरही मी त्याला आजच पाठवला आहे. कीर्तीबाईंना कळवले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. कामाक्षीबाई काय म्हणाल्या?" हा हिस्सा मी आपण होऊन दिला यावर त्यांचा विश्वास बसला नसावा.

वर्कशॉपच्या किल्ल्या हातात ठेवल्या तेव्हा लावण्याने त्या मोजून घेतल्या. मग म्हणाली, "अप्पा, वर्कशॉपला येताना आधी फोन करून यायचं."

माझ्याच वर्कशॉपला. मी म्हणालो, बरें.

त्यानंतर ती गच्चीच्या जिन्यावर जाऊन म्युनिकला फोनवर काय बोलली, ते मी ऐकलेले नाही, असे सर्वांनी धरून चालावे.

हे मृत्युपत्र याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द करते. आधीचे एकच होते, शंकरनारायणावर रागावून लिहिलेले.

स्थळ: कुंभकोणम. दिनांक: १४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार.

(सही) सेतुराम राव

आम्हा दोघांदेखत सेतुराम राव यांनी समजून उमजून सही केली, आणि आम्ही त्यांच्यादेखत साक्ष घातली.

साक्षीदार पहिली: (सही) डॉ. शिवरंजनी. कानांविषयीचे माझे मत कायम आहे.

साक्षीदार दुसरा: (सही) शंकरनारायण. भावोजींनी मोठ्या मानाने बोलावलें म्हणून रेशमी उपरणें घालून आलों. साक्षीदाराच्या नांवे कांहीं ठेवूं नये असा वकिलांचा सल्ला आहे, हें मला सही झाल्यावर सांगितलें. नोंद असावी. हेंही नोंदवावें कीं लावण्याने मालकीण म्हणून पहिला हुकूम आत्ताच काढला: तिरुवलंचुळीच्या बेडकांचा प्रश्न माझ्याकडे सोपवला आहे, पगारासह. तिने भावोजींना विचारलें नाही. भावोजी झोपाळ्यावर होते, सगळें ऐकलें, आणि कांहीं बोलले नाहींत.