कलम चार, पोटकलम ब

९ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. एक, रोज लिहायचं. (आठ दिवस जमलं नाही. सर्दी.) दोन, लोणी बंद. तीन, इतिहास घडवायचा.

तिसरा सोपा जाईल. मी मुळात इतिहासकारच आहे, गरिबांना फुकट वकील मिळवून देणाऱ्या आमच्या प्रतिष्ठानाचा. साधीसुधी संस्था नव्हे. १९५४ साली खुद्द अमेरिकेच्या संसदेने कायदा करून तिला सनद दिली. संचालक मंडळात कोण बसणार हेसुद्धा कायद्यातच. अध्यक्ष, खजिनदार येतात-जातात. इतिहासकार तहहयात. मला हलवायचं तर कॅपिटॉलमध्ये अख्खी संसद बसवावी लागेल. कोरिनला हे पुन्हा एकदा सांगितलं. ती म्हणाली, वेंडेल, टोस्टला लोणी हवंय का? थोडंसं घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार
नेहमीप्रमाणे मंडळाची गुरुवारची बैठक, जेवण तिथेच. खेकड्याच्या टिक्क्या उत्तम. आमची संचालिका रेनाटा म्हणाली, सनद फार जुनी झाली. नदीपलीकडे व्हर्जिनियात चांगली जागा मिळतेय, पण सनदेत कचेरी वॉशिंग्टनमध्येच असावी असं लिहिलंय. टेबल हलवायचं, एखादं पद वाढवायचं-घटवायचं, तरी संसदेला विचारा! तेव्हा दुरुस्ती विधेयक हवं. खासदारांच्या मागे कोण लागणार? सगळे आपापल्या ताटलीत बघायला लागले. मी हात वर केला. रेनाटा चक्क गडबडली. तुम्ही? नक्की ना? मसुदा आधी नीट वाचा हं, म्हणाली.

वाचा म्हणे! मला!

६ फेब्रुवारी, सकाळ
मसुदा आला. जेमतेम दीड पान. कलम दोनमधले अमुक शब्द काढा. कलम चारमधलं पोटकलम ब वगळा; यापुढे पदं मंडळानेच ठरवावीत. आमच्याकडे विधेयकं अशीच लिहितात. कुठून काढायचं ते सांगतात, काय काढतोय ते सांगत नाहीत. जुना कायदा शेजारी उघडा ठेवून वाचावं लागतं. अर्थात, नवशिक्यांनी. मला सनद तोंडपाठ आहे. ब म्हणजे बहुतेक इतिहासकाराने अध्यक्ष होऊ नये, असली काहीतरी खुसपटी अट. ती गेली की रस्ता मोकळा. मग मीच का नाही अध्यक्ष होणार?

दुपार
तरी एकदा सनद बघावी म्हटलं. माळ्यावर आहे. गुडघ्याने नकार दिला.

१४ मार्च
खासदारांच्या कचेरीत गेलो. साहेब भेटले नाहीत. त्यांच्या सहायक मिस लाथ्रॉप भेटल्या. कडक बाई. म्हणाल्या, पोटकलम ब काढायला मंडळातल्या कुणाची हरकत नाही ना? उगाच मागून कुणी रडत यायचा. मी छातीठोकपणे सांगितलं, रडेल कोण? लिहून देतो. त्यांनी खरंच लिहून घेतलं. सहीसुद्धा घेतली. सही झोकदार आली.

२ मे
काही घडलं नाही. रोज फोन करतो. मिस लाथ्रॉप आता माझा आवाज ओळखतात आणि लगेच जेवायला जातात.

१९ जून
रेनाटाचा फोन. वेंडेल, एकदाच विचारते, ब मध्ये काय आहे ते माहीत आहे ना तुम्हाला? मी म्हटलं, पोरी, मी इतिहासकार आहे. मग म्हणाली, फार मोठं मन आहे तुमचं, दुसऱ्या कुणी केलं नसतं. मी म्हटलं, संस्थेसाठी काहीही. तीनदा आभार मानले तिने. एवढ्याशा धावपळीसाठी! भावी अध्यक्षाबद्दल आदर, दुसरं काय?

१७ सप्टेंबर
विधेयक आलं! कोरिनला घेऊन प्रेक्षक सज्जात बसलो. नवा निळा टाय. खाली सभागृहात पाच-सहा खासदार, त्यांतला एक मोबाइलमध्ये. आमचे साहेब भाषणात म्हणाले, संस्थेच्या एका ज्येष्ठ सदस्याने स्वतःहून... पुढचं ऐकू आलं नाही. मी उभा राहून हात हलवत होतो, आणि पहारेकरी बसा बसा करत होता. मग पीठासीन अधिकारी म्हणाले, बाजूने असतील त्यांनी हो म्हणा. दोघे हो म्हणाले. विरोधात? कुणी नाही. मंजूर. कोरिन म्हणाली, झालं? मी अजून कोटही काढला नव्हता.

३ डिसेंबर
सिनेटमध्येही मंजूर. राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कायदा! अध्यक्षपद स्वीकारण्याचं भाषण लिहायला घेतलं. नम्रतेचा परिच्छेद लांबतोय.

११ डिसेंबर, गुरुवार
बैठक. माझ्या खुर्चीसमोर नावाची पाटी नाही. वाटलं, अध्यक्षाच्या जागी ठेवली असेल. तिथेही नाही. तेवढ्यात सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. रेनाटाने अक्रोडी लाकडाचं सन्मानपत्र हातात दिलं. त्यावर कोरलं होतं: कलम चार, पोटकलम ब, ‘एक इतिहासकार, तहहयात’, संस्थेच्या हितासाठी हे पद आपल्याच हाताने रद्द करवून घेणाऱ्या वेंडेल ऑस्ट्रँडर यांना.

दोनदा वाचलं. खजिनदार डोळे पुसत होता. दोन शब्द बोला, म्हणाले. भाषण खिशात होतं. मी नम्रतेचा परिच्छेद तेवढा वाचला. लोक ढसाढसा रडले.

१२ डिसेंबर
झोप नाही. वाईट वाटतंय, खोटं कशाला लिहू? तीस वर्षं गुरुवार आला की मी कुणीतरी असायचो.

रेनाटाला फोन केला. सहज विचारतोय म्हटलं, ते पद परत आणायचं तर? ती म्हणाली, आता अगदी सोपं आहे हो! संसद नको, काही नको. मंडळात कुणीही ठराव मांडायचा, हात वर करायचे, झालं. ही तुमचीच कृपा. पण घाबरू नका, वेंडेल. तुमच्या त्यागाचा अपमान आम्ही कुणालाही करू देणार नाही. काल सगळ्यांनी तशी शपथच घेतली.

मी तिचे आभार मानले.

कोरिनने विचारलं, काय म्हणाली? म्हटलं, काही नाही, कौतुक करत होती. बरं, म्हणाली, मग आता गुरुवारीही तुझा स्वयंपाक करायचा ना?