चिंचेवरची चिमी

सक्करदरा, नागपूर
कोजागिरीनंतरचा रविवार, १९७४

तीर्थरूप भाऊजींच्या चरणी ताराचंदचा साष्टांग नमस्कार पोचावा. (एरवी हा नमस्कार पोस्टकार्डावर घालतो, त्यामुळे जागेअभावी तो जरा आखडता होतो. या खेपेस मजकूर मोठा म्हणून पाकीट घेतलं, तेव्हा नमस्कारही ऐसपैस आहे असं समजावं.) आपला गुडघा कसा आहे? आपण निर्गुडीचा पाला रोज बांधता असं आपण कळवलंत, आणि आपण तो एकदाही बांधला नाही असं यमुताईने कळवलं. दोन्ही पत्रं एकाच पाकिटातून आल्यामुळे कोणाला काय उत्तर द्यावं या पेचात आमचा महिना गेला. ताईच्या हातचं लिंबाचं लोणचं पोचलं आणि संपलंही. इकडे प्रेमिला, सुभद्रा आणि मी खुशाल आहोत. फक्त चिमी घरात नाही. ती परत आल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही, म्हणून हे पत्र.

चिमी म्हणजे आपण कोरलेली चिमी. आपण शाळेत पोरांना ड्रॉइंग शिकवता शिकवता तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल कोरत होता, त्यातून उरलेल्या सागाच्या दोन तुकड्यांतून आमच्या गणपती मंडळाला आपण एक पोरगी आणि एक पोरगा करून दिलात. पोरगी चिमी, पोरगा बारक्या. त्याला चौदा गणपती झाले. मी तेव्हा नुकताच माग सोडून रामदासपेठेतल्या कचेरीत दफ्तरी झालो होतो. माग रिकामा, मागाचा खड्डा रिकामा, पाय सवयीने हलत असत. त्या खड्ड्यावरच आपण रंगमंच मांडला, पायाखालच्या फळ्यांना बाहुल्यांच्या दोऱ्या बांधल्या आणि शेजारच्या कवडूला खाली बसवलं. कवडूने फळी दाबली की बारक्या पळतो, दुसरी दाबली की चिमी चिंचेवर चढते. दहा दिवस रोज नवा प्रवेश, पण शेवट तोच. सगळं गाव खालून हाका मारतं आणि चिमी फांदीवरून म्हणते, "मी नाही उतरत, जा." एवढ्यावर आमच्या मोहल्ल्यात चौदा वर्षं माणसं हसत आली. चिमीचा आवाज आपल्या भाचीचा, म्हणजे सुभद्राचा. पहिल्या वर्षी ती खरोखरच चिमीएवढी होती. (आता तिचं वय किती ते ताईला विचारावं. माझ्या मते ती अजून सहावीत आहे. प्रेमिला म्हणते, मॅट्रिक होऊन पाच वर्षं झाली. बायकांना अशा गोष्टी लक्षात ठेवायची खोड असते.)

तर यंदा श्रावणात मंडळाची सभा भरली. तलावापलीकडच्या मंडळाने गेल्या साली विजेच्या मोटारीवर बंदूक चालवणारा लाकडी शिपाई आणला आणि आपली गर्दी अर्ध्यावर आली, यावर उपाय काय, हा विषय होता. कोणी म्हणालं झुंबर लावा, कोणी म्हणालं चिवडा वाटा. तेवढ्यात कवडू उठला. हा माणूस चौदा वर्षं खड्ड्यात बसून असल्यामुळे वर आला की फार बोलतो. तो म्हणाला, "रामाचा वनवास चौदा वर्षांत संपला गा, या बारक्याची तिसरी काहून नाही संपून राहिली? आता या पोट्ट्याईले मोठं करा." सभेला हे एकदम पटलं. जे पोट्टे पहिल्या वर्षी चिमीला पाहून हसले त्यांना आता मिशा आल्या, त्यांनी का म्हणून यावं, असा मुद्दा निघाला. मी म्हटलं, अरे, मिशा त्यांना आल्या, त्यात चिमीचा काय दोष? दरवर्षी मोहल्ल्यात नवी पोरं आठ वर्षांची होतातच ना, चिमीने त्यांच्यासाठी जागेवर थांबायला नको? माणसं मोठी होतात ती होतात, निदान लाकडाने तरी दम धरावा. माझं भाषण चांगलं झालं असं प्रेमिलासुद्धा म्हणाली. हात मात्र सगळे कवडूच्या बाजूने वर गेले. (सुभद्रानेही वर केला. मी डोळे वटारले तर तिने त्याच हाताने केस सारखे केले.)

नवी डोकी कोरायला आपल्याला कळवावं असं मी सुचवलं होतं, पण वेळ नव्हता. म्हणून बारक्याला बोकडाच्या केसांची मिशी चिकटवली, धोतर नेसवलं, आणि पहिल्या दिवशी नेहमीचा पेरूचोरीचा प्रवेश केला. भाऊजी, आठ वर्षांच्या पोराने पेरू चोरला की लोक खो-खो हसतात. मिशीवाल्याने तोच पेरू त्याच झाडावरून तोडला तेव्हा कोणी हसेना. मागून एक म्हातारा म्हणाला, "पोलीस चौकी जवळच हाये म्हणा." दुसऱ्या दिवशी आम्ही घाबरून बारक्याला नोकरी शोधायला पाठवलं. तो या कचेरीतून त्या कचेरीत जातो आणि सगळीकडे "जागा नाही" अशी पाटी. हा प्रवेश मोहल्ल्यातल्या बेकार पोरांना इतका आवडला की दोघांनी बारक्याबरोबर आपलेही अर्ज स्टेजवर ठेवले. लहान पोरं मात्र आयांच्या मांडीवर झोपली होती.

चिमीचं त्याहून अवघड झालं. तिला मोहल्ल्यातल्या रुख्माबाईंनी आपल्या हातची हिरवी नऊवारी नेसवली. (त्या माउलीने बाहुलीच्या मापाची नऊवारी मुद्दाम विणली आणि काठही सोडला नाही.) झालं काय, लुगड्यात दोऱ्या अडकल्या. कवडू फळी दाबून दाबून घामाघूम, पण चिमी काही चिंचेवर चढेना. नुसती चुलीपाशी उभी राहून मान हलवायची. चिंच आपली बाजूला रिकामी. पोरं ओरडत होती, "चढ ना वं चिमे." मोठी माणसं त्यांना गप्प करत होती, की आता ती मोठी झाली, आता नाही चढत. मला तिथं बसवेना, मी उठून गणपतीपुढचं निरांजन सारखं करत राहिलो.

आणि तिसऱ्या दिवशी रुख्माबाईंनी तो प्रश्न विचारला. चिमी आणि बारक्या एका स्टेजवर सोबत हिंडत होते, तेव्हा त्या बायकांमधून उठून म्हणाल्या, "हे पोट्टी त्या पोट्ट्याची कोण लागते, ते सांगा पहिले." भाऊजी, चौदा वर्षांत हे कोणी ठरवलंच नव्हतं. मी त्यांना शेजारी समजत होतो, कवडू बहीणभाऊ समजत होता, आणि अर्ध्या मोहल्ल्याने विचारच केला नव्हता, कारण आठ वर्षांच्या पोरांना कोण विचारतं? आपण कोरताना आपल्या मनात काय होतं ते कृपया कळवावं. रुख्माबाई थांबायला तयार नव्हत्या. "गणपतीसमोर हे असं नाही चालत," त्या म्हणाल्या, "राखी बांधा, नाही तं बाशिंग बांधा." तिथंच गणपतीच्या साक्षीने राखी बांधली. राखी बांधल्यावर बायका म्हणाल्या, म्हणजे पोरगी लग्नाची आहे, मग स्थळ पाहायला नको का?

स्थळ आपणहून आलं. तलावापलीकडच्या मंडळाचे अध्यक्ष धोंडबा (विणकर माणूस, आपल्याच नात्यागोत्यातला, फक्त मोटार आल्यापासून जरा ताठ) नारळ घेऊन आले आणि आपल्या रणजित नावाच्या लाकडी शिपायासाठी चिमीला मागणी घातली. आपल्या लेकीबाळी बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात तसं काहीतरी होईल, गर्दी होईल, असं मला वाटलं आणि मी हो म्हणालो. पण आमच्या लोकांना अर्धं काम करता येत नाही. सातव्या दिवशी हळद झाली, बँड आला, भटजी आले. अंतरपाट म्हणाल तर कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात कापडाला काय तोटा, तीन घरांतून तीन आले आणि कोणाचा धरायचा यावर मुहूर्त टळत होता. कन्यादानाला प्रेमिला आणि मी बसलो. शिपायाला आवाज द्यायला धोंडबांचा मुलगा जागेश्वर आला होता. तो विजेच्या कामावर आहे, मोटारीची कल्पना त्याचीच. माइक एकच, म्हणून तो मागाच्या खड्ड्यात सुभद्राशेजारी बसला. मग बायकांनी नाव घ्यायला लावलं आणि भोंग्यातून आवाज आला:

"उभा धागा, आडवा धागा, मधून धावे धोटा,
रणजितरावांचं नाव घेते, मान ठेवा मोठा."

भाऊजी, तो चिमीचा आवाज नव्हता. सुभद्रा बारीक आवाज काढायला विसरली होती. एका बाईचा शांत, भरलेला आवाज आला, आणि ही कोण बोलली म्हणून मी चक्क मागे वळून पाहिलं. मला काहीतरी हरवल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात अक्षता पडल्या आणि बँड वाजला. गर्दी म्हणाल तर तलावाच्या पाळीपर्यंत होती. कवडू म्हणाला, "पाहा, मोठं केलं तं फायदा झाला का नाही?"

फायदा त्या दिवसापुरता. लग्न लागल्यावर रुख्माबाईंनी चिमीची ओटी भरली, सगळ्या बायका रडल्या, मीही रडलो, आणि रडता रडता आम्ही आपल्या हाताने चिमीला वाजतगाजत तलावापलीकडे पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडदा उघडायची वेळ झाली तेव्हा ध्यानात आलं की आपल्याकडे चिमी नाही. माणसंही नव्हती, सगळी लेकीचा संसार पाहायला पलीकडे गेलेली. मी धोंडबांकडे गेलो. ते पाट मांडून, पाणी देऊन म्हणाले, "लेक देल्ली का देल्ली, भाऊ. रीतीनं मूळ पाठवा, मंग न्या." मूळ, म्हणजे लेकीला माहेरी आणायचं बोलावणं, घेऊन जातो भाऊ. म्हणून आम्ही बारक्याला नवा फेटा बांधला आणि कवडूच्या सायकलच्या कॅरियरवर बसवून बहिणीला आणायला पाठवलं. त्यांनी नव्या पाहुण्याला पाहुणचाराला ठेवून घेतलं. नंतरचे दोन दिवस बारक्या तिकडे शिपायाचा साळा म्हणून लाडू खाताना दिसत होता, आणि लोक हसत होते. आमच्या स्टेजवर चिंच तेवढी उरली.

सांगायचं ते हे की पोरांना मोठं केलं की एक दिवस गर्दी होते आणि मग ती दुसऱ्याची होतात. हे मी श्रावणातच सांगत होतो, पण दफ्तऱ्याचं कोण ऐकतो. यमुताईला नमस्कार. निर्गुडीचा पाला बांधावा, निदान तिच्यासमोर.

आपला आज्ञाधारक मेव्हणा,
ताराचंद

ता. क. एक विनंती होती. दिवाळसणाला शाळेला सुट्टी असेलच. आपण काळा कोट आणि टोपी घालून यावं आणि चिमीला आणायला आमच्यातर्फे धोंडबांकडे जावं. कोरणाऱ्याला कोण नाही म्हणेल?

ता. क. दुसरा. काल धोंडबा स्वतः येऊन गेले. म्हणाले, "बाहुल्या घेऊन जा गा, त्याईचं आमच्या इथं तोंडच उघडत नाही. आमाले आवाज पाहिजे." आधी मला उमजलं नाही. प्रेमिला मात्र लगेच चहा टाकायला उठली. जागेश्वरसाठी सुभद्राला मागणी आहे. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, खड्ड्यात बसताना चपला बाहेर काढून बसला होता. मी उत्तर दिलेलं नाही. ती सहावीत आहे असं म्हणणार होतो, पण ते कोणालाच पटलं नसतं. खरं पाहता आपल्याला बोलावतो आहे ते बैठकीसाठी. माझ्याने एकट्याने हो म्हणवत नाही, भाऊजी.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवायला सुभद्राकडे दिलं तर तिने आधी पत्र वाचून काढलं. मी म्हटलं, वाचलंस तर तुझं काय म्हणणं ते सांग, खाली लिहितो. ती दाराआड गेली. मग दारामागून चिमीचा आवाज आला, तोच, आठ वर्षांचा. "बाबा, आतोबाले लिहा, चिमी उतरून राहिली."

मला रडू आलं आणि मग हसू आलं. तेव्हा चिमीला आणू नये, तिला आपल्या घरी सुखाने राहू द्यावं. आपण मात्र यावं, कोट घालूनच. आणि येताना सागाच्या तुकड्यातून एक लहान चिमी कोरून आणावी, अगदी पहिल्यासारखी. रुख्माबाईंची नात पहिलीत गेली आहे, चांगली ओरडते. चिंच रिकामी बरी दिसत नाही.