वेगळी खाट

चंडीगड, १२ नोव्हेंबर

चि. सौ. इंद्रायणीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

माझा संधिवात आता बराच आटोक्यात आहे. परीक्षितकडे इथली थंडीही सोसते, काळजी नको.

एक गंमत सांगते. हे दोन वर्षं वेगळ्या खाटेवर झोपत होते. मला वाटलं, वाकड्या बोटांची बायको नकोशी झाली. परवा डॉक्टरीणबाईंनी तोंडावरच विचारलं, "अंकलजी, आंटी को गले लगाते हो?"

हे म्हणाले, "डर लगता है, उसको दुखेगा."

"अहो, मला विचारायचं तरी!" मी तिथेच फटकारलं.

आता खाटा जोडल्यात. सूनबाईने आपणहून मोठी चादर आणली.

दिगंबररावांच्या बायपासनंतर तूही त्यांच्यापासून लांबच झोपतेस ना? आधी डॉक्टरांना विचार, मग त्यांना. पण विचार.

तुझीच,
कांचनताई